हिरवळीवरचा रविवार : लॉन बोल्स क्लबचा मदतनिधी दिवस

यारातीर

मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली सात वर्षं घरामागच्या रस्त्यावरचा लॉन बोल्सचा क्लब मी नुसता जाता-येता पाहिला. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, सगळी मंडळी साठी-सत्तरीची. आपलं तिथे काय काम, असंच वाटायचं. मग शेजारच्या आजोबांनी एका शनिवारी "चल, बघ तरी" म्हणून नेलं. आता त्या क्लबच्या मार्चमधल्या मदतनिधी दिवसाची निम्मी धावपळ आम्हा मराठी मैत्रिणींकडे असते. यंदाचा दिवस परवाच्या रविवारी पार पडला. जेवणावळ आणि गाण्यांचा कार्यक्रम सोडून मंडळांना निधीसाठी आणखी काय करता येईल, असं या मंचावर मागे कुणीतरी विचारलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खेळ. हिरवळ चौकोनी, साधारण ३१ ते ४० मीटर लांब, कॅरमच्या फळीसारखी सपाट. तिच्यावर शेजारी शेजारी पट्टे आखलेले असतात, त्यांना रिंक म्हणतात. सुरुवातीला एक छोटा चेंडू सोडतात, तो जॅक. मग प्रत्येकाने आपला बोल घरंगळत सोडून जॅकच्या जितका जवळ थांबवता येईल तितका थांबवायचा. बोल दीड किलोच्या आसपास भरतो आणि पुरता गोल नसतो. त्याची एक बाजू किंचित वेगळी घडवलेली असते, त्यामुळे वेग ओसरू लागला की तो त्या बाजूला वळतो. याला बायस म्हणतात. लाकडी बोलच्या काळात त्यासाठी पोटात शिसं भरत, आता नुसत्या आकारावर काम होतं. बोलच्या दोन्ही अंगांना वर्तुळं कोरलेली असतात. लहान वर्तुळ ज्या अंगाला, तिकडे बोल वळणार. म्हणजे जॅकवर नेम धरून सरळ सोडलेला बोल जॅकपाशी पोचतच नाही. तो बाहेरच्या बाजूला सोडायचा आणि वळून येईपर्यंत वाट बघायची.

आणि ती हिरवळ! आमच्या क्लबात काउच गवत आहे. पहिल्या दिवशी अनवाणी उभी राहिले तेव्हा तळव्यांना ओळखीचं काहीतरी लागलं. घरी येऊन शोधलं तर सायनोडॉन, म्हणजे आपल्या दूर्वांचंच कूळ. गणपतीला एकवीस जुड्या बांधताना जे गवत हातात येतं, त्याचाच भाऊबंद इथे चार-पाच मिलिमीटरवर कापून ठेवलेला असतो.

आमचा निधी मॅकग्रा फाउंडेशनला जातो. ग्लेन मॅकग्रा आपल्याला सचिनसमोर धावत येणारा गोलंदाज म्हणून माहीत. त्याची पत्नी जेन हिला स्तनाचा कर्करोग झाला होता. दोघांनी २००५ मध्ये ही संस्था काढली, जेन २००८ मध्ये गेली. जानेवारीत सिडनीच्या कसोटीत मैदान गुलाबी दिसतं ते याच संस्थेसाठी. पैसा जातो तो परिचारिकांवर. निदान झाल्यापासून उपचार संपेपर्यंत पेशंटच्या सोबत राहणारी परिचारिका, फी नाही, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. शेजारच्या आजींच्या आजारपणात मी हे जवळून पाहिलंय. दर गुरुवारी फोन यायचा. आजी औषधांबद्दल थोडं बोलायच्या आणि आजोबा रात्री झोपत नाहीत याबद्दल पुष्कळ. तो फोन आजींसाठी होता तितकाच आजोबांसाठीही होता. आजी गेल्यावर त्यांनीच क्लबात हा दिवस सुरू केला.

यंदा १६ संघ होते, चौघाचौघांचे. ८ रिंक, सकाळी एक सामना, जेवणानंतर दुसरा. माणशी २० डॉलर. निम्म्या लोकांनी बोल कधी हातातही धरला नव्हता, म्हणून प्रत्येक संघात क्लबचा एक मुरलेला सभासद. एका रिंकवर नऊ वर्षांचा मुलगा, त्याची आई, आमच्यातल्या एकीचे सांगलीहून आलेले वडील आणि ८४ वर्षांच्या एक बाई असा संघ होता. सांगलीच्या काकांना इंग्रजीत बोलायचा संकोच आणि त्या बाईंना ऐकू कमी येतं. दोघं दिवसभर हातांनी बोलत होते आणि पहिला सामना जिंकले.

सगळ्यांत गर्दी झाली ती 'स्पायडर'ला. जॅक हिरवळीच्या बरोबर मध्ये ठेवतात. ५ डॉलर देऊन एक बोल घ्यायचा आणि चारही कडांना उभं राहायचं. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम सोडायचा, ज्याचा जॅकच्या सर्वांत जवळ त्याला बक्षीस. यंदा ७१ बोल होते. एकदम सुटले, थोडं अंतर सरळ गेले आणि मग सगळेच्या सगळे वळायला लागले. गुळाच्या खड्याकडे चहूकडून मुंगळे यावेत तसे. मध्ये टकाटक आपटले आणि शेवटचा थांबेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आमच्या ओळखीतली एक मराठी मुलगी, चाळिशीची, सध्या तिची केमो चालू आहे. महिन्याभरापूर्वी आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ काकांनी मनापासून सुचवलं की तिला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देऊ, दोन शब्द बोलू दे, लोकांचं मन हेलावेल आणि निधीही वाढेल. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "ताई, मला संघात घ्या ना. मला त्या दिवशी पेशंट व्हायचं नाही."

तिच्या उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेली, त्या हाताने वजन घ्यायचं नाही. आजोबांनी तिच्या डाव्या हातात बोल दिला, तोही सगळ्यांत लहान मापाचा. मग स्वतःच्या हाताने तो तिच्या तळव्यावर फिरवून लहान वर्तुळ आतल्या बाजूला आणलं आणि तिचा अंगठा धरून वरच्या खाचेवर ठेवला. पहिले तीन बोल हिरवळीच्या कडेच्या चरात गेले. चौथा लांबून वळत आला आणि जॅकला हलकेच टेकून थांबला. जॅकला शिवलेल्या बोलला टचर म्हणतात, त्यावर खडूने खूण करायची असते. खूण करायला तीच वाकली. डोक्याचा रुमाल सरकला तो तिने तसाच राहू दिला आणि बोलवर चांगली ठसठशीत फुली मारली.

तिचं नाव कुणी माइकवर घेतलं नाही. ती कोण, कशाने आजारी, हे तिथल्या निम्म्या लोकांना कळलंही नसेल. जिच्यासाठी आपण पैसे गोळा करतो तिला त्या दिवशी आपल्यासमोर उभं करायचं नाही, आपल्यात खेळायला घ्यायचं, असं मला आता अगदी ठामपणे वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

कृष्णाकाठ

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. खडूची फुली डोळ्यांपुढून हलत नाही.

हरळीबद्दल, म्हणजे तुमच्या दूर्वांबद्दल, एक. आमच्या वाळवे तालुक्यात उसाच्या रानातून हरळी काढता काढता पिढ्या गेल्या. मुळी एक वीत राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा फुटते. त्या चिवटपणामुळेच ती माणसं चालून आणि बोल घरंगळूनही टिकत असणार.

---

पर्थचा हिशेबनीस

फार चांगला उपक्रम. पण प्रश्न विचारतोच, कारण मंडळांचे कार्यक्रम इथेच अडखळतात. एकूण जमा किती, खर्च किती आणि संस्थेला किती गेले? शिवाय करसवलतीचं लोकांना नीट सांगितलं का? मान्यताप्राप्त संस्थेला दिलेली निखळ देणगी ऑस्ट्रेलियात वजावटीला चालते. रॅफलचं, म्हणजे सोडतीचं, तिकीट किंवा जेवणाचं कूपन चालत नाही, कारण बदल्यात काहीतरी मिळतं. आमच्याकडे एकदा लोकांनी रॅफलच्या पावत्या करविवरणात लावल्या आणि नंतर निस्तरत बसले.

---

यारातीर

विचारलंत ते बरं केलंत. रिंकच्या प्रायोजक दुकानांकडून १,२०० डॉलर, प्रवेश शुल्काचे १,२८०, रॅफलचे ९४०, स्पायडरचे ३५५, वडे आणि चहाचे ६१२, सॉसेजचे ४८८ आणि देणगीच्या डब्यातले व कार्डावरचे मिळून १,१०५. एकूण ५,९८०. सामान, तेल, पाव, बक्षिसं यांवर ७३० गेले, ५,२५० पाठवले. हिरवळ आणि स्वयंपाकघर क्लबने फुकट दिलं, म्हणून खर्च इतका कमी.

पैसे मोजण्याची पद्धत मला फार आवडली. दिवस संपल्यावर सगळे डबे क्लबहाउसमधल्या लांब टेबलावर उपडे करतात. नात्यागोत्यातली नसलेली दोन माणसं मोजतात, तिसरा लिहितो, ज्याला बघायचं त्याने उभं राहून बघावं. आकडा त्याच संध्याकाळी फळ्यावर लागतो. बँकेची पावती आली की तीही तिथेच टाचतात.

करसवलतीचं तुमचं अगदी बरोबर. यंदा देणगीचा डबा वेगळा ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. ज्यांना पावती हवी त्यांनी थेट संस्थेच्या पानावरून द्यावेत म्हणून क्यूआर कोडही लावला होता.

---

रांचीकर जोशी

लॉन बोल्सवर मराठीत धागा आलेला बघून राहवलं नाही. आमची तिसरी पिढी रांचीत. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा इथे झाल्या तेव्हा हा खेळ आम्ही पहिल्यांदा पाहिला.

२ ऑगस्ट २०२२ ची संध्याकाळ मी विसरणार नाही. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या चौकडीने दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्ण जिंकलं. या खेळातलं भारताचं ते पहिलं राष्ट्रकुल पदक. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपा राणी तिर्की. यातल्या लव्हली आणि रूपा राणी आमच्या रांचीच्या. लव्हली आधी धावपटू होती, नयनमोनी भारोत्तोलन करायची. दोघींना दुखापतींनी तो खेळ सोडायला लावला आणि मग त्या बोल्सकडे वळल्या. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या चौकडीला रौप्य मिळालं.

दुखावलेल्या शरीराला हा खेळ जागा देतो. तुमच्या मैत्रिणीच्या डाव्या हाताचं वाचलं आणि पहिलं हेच मनात आलं.

---

स्पष्ट बोलते

माझं मत थोडं वेगळं आहे. शाल-श्रीफळ म्हणजे दया दाखवणं, असं तुमच्या लिहिण्यातून ध्वनित होतंय, ते मला पटत नाही. माझ्या मावशीचे उपचार संपल्यावर आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात तिची ओटी भरली आणि सत्कार केला. ती शाल तिने पाच वर्षं जपून वापरली. लोकांनी तिच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आपल्याकडे आजार लपवायची सवय आहे, स्तनाचा कर्करोग म्हणजे तर तोंडातून शब्द निघत नाही. अशा वेळी एक बाई सगळ्यांसमोर उभी राहून "मला झाला होता, मी तपासून घेतलं, तुम्हीही घ्या" म्हणाली, तर त्याचं मोल ५,२५० डॉलरपेक्षा जास्त आहे.

---

यारातीर

तुमच्या मावशींचं वाचून मलाही वाटलं की मी जरा घाईने सरसकट लिहिलं. त्यांना ती शाल हवी होती, म्हणून ती त्यांची झाली. या मुलीला नको होती. त्यात उपचार संपल्यावरचा सत्कार आणि उपचार चालू असतानाचा सत्कार यांत फार अंतर आहे. आमच्या बैठकीत काकांनी सुचवलं तेव्हा तिला न विचारताच कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव टाकायचं चाललं होतं. माझा विरोध त्याला होता.

तपासणीचं म्हणाल तर ते आम्हीही केलं. चहाच्या टेबलाशी एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. इथे ५० ते ७४ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी मोफत मॅमोग्राफीसाठी बोलावतात. आपल्या कितीतरी जणी ते पत्र फ्रिजवर लावून ठेवतात आणि जात नाहीत. त्या दिवशी सहा जणींनी तिथेच बसून वेळ घेतली.

---

वाट पाहणारा

प्रतिसाद द्यावा की नाही, विचार करत होतो.

२००९ मध्ये वडिलांना घेऊन परळला टाटा हॉस्पिटलला यायचो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे उतरायचो. बुलढाण्याहून आलेल्या माणसाला मुंबईत दोन महिने राहायला दुसरी कुठली जागा परवडणार? सकाळी हॉस्पिटल, दुपारी रांग, संध्याकाळी परत. भेटेल तो एकच विचारायचा, "आता कसं वाटतंय?" वडील उत्तर देऊन थकून जायचे.

एका संध्याकाळी जळगावच्या एका पेशंटने पत्ते काढले आणि चौघं मेंढीकोट खेळायला बसले. चौघांच्याही हातांवर सलाइनच्या पट्ट्या. वडिलांनी एका हातात तीन दश्शा पकडल्या तेव्हा ते इतक्या जोरात हसले की मी जिन्यावरून धावत आलो. त्यानंतर ते चार महिने होते. मला त्यांचा तो आवाज सगळ्यांत जास्त आठवतो.

तुमच्या त्या मैत्रिणीला सांगा, इथे एकाला तिचं म्हणणं पूर्ण कळलं.

---

यारातीर

तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना विचार, चौथी दश्शी कुणाकडे होती."

---

वाट पाहणारा

जळगावकरांकडे. बदामची.

---

मेघना ऑकलंड

आमच्या मंडळात यावरून नेहमी वाद होतो, म्हणून विचारते. पैसा इथल्या संस्थेला का, गावाकडे का नाही? वरचा प्रतिसाद वाचल्यावर तर दादरच्या धर्मशाळेलाच पाठवावा असं वाटतंय.

आणि दुसरं, वडे. आमचा इथला क्लब हिरवळ द्यायला तयार आहे, पण बाहेरचं खाणं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

---

पर्थचा हिशेबनीस

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. परदेशी मंडळाने गोळा केलेला पैसा भारतातल्या संस्थेला पाठवायचा, तर त्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच येऊ शकतो. म्हणून आधी संस्थेला पत्र पाठवून नोंदणी चालू आहे ना, हे विचारून घ्या. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे देणार असाल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. म्हणजे वैयक्तिक देणं सोपं, मंडळाच्या नावाने देणं किचकट.

---

यारातीर

त्यात माझी एवढीच भर : क्लबचे लोक हिरवळ देतात, दिवसभर उन्हात राबतात. त्यांच्या गावातल्या, त्यांच्या ओळखीच्या परिचारिकेसाठी ते राबतात. तो दिवस त्यांचाही आहे. दादरसाठी आम्ही मैत्रिणींनी आता वेगळं ठरवलंय, प्रत्येकीने आपापल्या खात्यातून.

वड्यांची गोष्ट मोठी आहे आणि मला अजून बोचते. पहिल्या वर्षी आम्ही चौघींनी पहाटे पाचला घरोघरी सारण केलं, डब्यांत भरलं, साडेआठला क्लबात आणलं आणि ओट्यावर ठेवून खेळ बघायला गेलो. साडेअकराला कढई तापली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी सारणात थर्मामीटरची सळई खुपसली. ३४ अंश. त्यांनी शांतपणे विचारलं, कधी शिजवलं? मी खरं ते सांगितलं. दोनशे वड्यांचं सारण त्यांनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकायला लावलं. हिरव्या मिरचीचा, लसणाचा, कोथिंबिरीचा तो वास आणि ती काळी पिशवी. घरी येऊन मी खूप रडले.

पण त्यांचंच बरोबर होतं. इथला नियम असा : ५ ते ६० अंशांच्या मध्ये नासणारा पदार्थ एकूण दोन तासांहून कमी राहिला तर परत फ्रिजमध्ये ठेवता येतो, दोन ते चार तास झाले तर लगेच खायचा, चार तासांच्या पुढे टाकून द्यायचा. "तळल्यावर मरतील ना जंतू?" असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, जंतू मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष तळूनही जात नाही. आणि आज इथे केमो चालू असलेली माणसं जेवणार आहेत. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता बटाटे क्लबच्या स्वयंपाकघरातच उकडतो. सारण पसरट ताटांत पातळ थापून लगेच फ्रिजमध्ये जातं, एका वेळी एकच ताट बाहेर काढायचं, वडे तळायचे, तळले की विकायचे. पाटीवर 'शेंगदाणा नाही, बेसन आहे, तेल सूर्यफुलाचं' असं लिहितो. लसणाच्या चटणीत दाणे असतात म्हणून ती आणतच नाही, तळलेली मिरची देतो. तुमच्या क्लबला सांगा की स्वयंपाक त्यांच्याच जागेत, त्यांच्या थर्मामीटरने करू. आठ्या जातील. सुरुवातीला स्थानिक कौन्सिलला फोन करून काय नोंदणी लागते ते मात्र विचारा, गावागणिक फरक असतो.

आणि रॅफल. इथे मांसाचा ट्रे ठेवायची जुनी रीत आहे. शाकाहारी घरातल्या लोकांना तिकीट घेताना अवघड व्हायचं. आजोबांना सांगितल्यावर त्यांनी भाजीफळांचा दुसरा ट्रे सुरू केला. यंदा त्याची तिकिटं आधी संपली, घेणारे बरेचसे गोरेच होते.

---

मेघना ऑकलंड

धन्यवाद! थर्मामीटरचं सांगितल्यावर आमच्या क्लबच्या सेक्रेटरींचा सूरच बदलला. नोव्हेंबरमधला एक रविवार मिळालाय. आमच्याकडची हिरवळ कोटुलाची आहे, गवत नव्हे, बारीक पानांची वेल. अनवाणी चालेल का, विचारलं तर म्हणाले सपाट तळाचे बूटच घाला, टाच नको.

---

स्पष्ट बोलते

यारातीर, तुमच्या त्या मुलीची तब्येत कशी आहे? आणि पुढच्या वर्षी मीही सिडनीहून येणार आहे, खेळायला. शाल आणत नाही.

---

यारातीर

या, नक्की या! राहायला आमच्याकडेच. केमोच्या दोन फेऱ्या उरल्यात, मग रेडिएशन. गेल्या मंगळवारी तिला हॉस्पिटलातून घरी आणताना म्हणाली, गाडी क्लबवरून घे. संध्याकाळचे सहा वाजले होते, आजोबा एकटेच पाण्याची नळी घेऊन कडेचा चर धूत होते. ती गाडीतून उतरली नाही, काच खाली करून बघत बसली. आजोबांनी नळी ठेवली, आत जाऊन तोच लहान मापाचा बोल आणला आणि खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवला. खडूची फुली त्यावर अजून होती.

पुढचा दिवस मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी. पट्टा पाच, तुमची दोघींची नावं लिहून टाकते.